यादीबाहेरची स्पर्धक : आल्फोन्सिना स्ट्राडा

एखाद्या गोष्टीस नियमाने बंदी नसली म्हणजे ती करण्याची मुभा असतेच, असे समाजात सहसा घडत नाही. पुष्कळदा नियम करणाऱ्यांच्या मनात ती शक्यताच आलेली नसते आणि म्हणून नियम मौन राहतो. असे मौन ओळखून त्यातून पुढे जाण्याचे धाडस करणारी व्यक्ती विरळा. इटलीतील सायकलपटू आल्फोन्सिना स्ट्राडा ही अशा विरळा व्यक्तींपैकी एक होती. इटलीची प्रदक्षिणा करणारी, जिरो या नावाने जगभर प्रसिद्ध असलेली पुरुषांची सायकल शर्यत १९०९ मध्ये सुरू झाली. या शर्यतीच्या इतिहासात पुरुषांच्या बरोबरीने उतरलेली एकच स्त्री आहे आणि ती म्हणजे १९२४ सालची आल्फोन्सिना.

तिचा जन्म १६ मार्च १८९१ रोजी उत्तर इटलीत, मोदेना शहराजवळील कास्तेलफ्रांको एमिलिया या गावच्या परिसरात झाला. माहेरचे आडनाव मोरिनी. वडील शेतमजूर, घरात भावंडे पुष्कळ आणि अन्न मोजके. आपल्याकडील धानपट्ट्यातील भूमिहीन कुटुंबाची जी स्थिती असते, तीच त्या काळी पो नदीच्या खोऱ्यातील मजुरांची होती. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी एक जुनी, मोडकी सायकल घरी आणली. मजुराच्या घरात सायकल येते ती कामासाठी. मुलीने तिचा उपयोग वाऱ्याशी शर्यत करण्यासाठी केला. रविवारी प्रार्थनेला जाते असे सांगून ती जवळपासच्या गावांतील शर्यतींत भाग घेऊ लागली. लहानशा बक्षिसांतून प्रकरण उघडकीस आले, तेव्हा घरात कौतुक झाले नाही. गावात तर तिला झगा घातलेला सैतान म्हणू लागले. लग्न करून सासरी जा आणि तेथे हवे ते कर, हा आईवडिलांचा निर्णय आपल्याकडील कोणत्याही खेड्यात तितक्याच सहजतेने ऐकू आला असता.

मात्र सायकल सुटली नाही. तूरिन शहरात स्त्रियांच्या सायकलिंगला थोडीफार मोकळीक होती. तेथे तिने नाव मिळविले आणि १९११ मध्ये ताशी ३७ किलोमीटरहून अधिक वेगाची नोंद केली. अधिकृत मान्यता नसली तरी स्त्रियांमधील तो विक्रमच मानला गेला. १९१५ मध्ये मिलानमध्ये तिचा विवाह लुइजी स्ट्राडा या धातूवर नक्षीकाम करणाऱ्या कारागिराशी झाला. स्ट्राडा या इटालियन शब्दाचा अर्थ रस्ता. पतीने विवाहाची भेट म्हणून तिला शर्यतीची नवी सायकल दिली. माहेरच्यांनी ज्या छंदातून सुटका व्हावी म्हणून लग्नाचा आग्रह धरला, त्याच छंदाला सासरी आधार मिळाला. लुइजी तिचा मार्गदर्शक झाला.

महायुद्धाच्या छायेतील शर्यत

पहिल्या महायुद्धात युरोपातील बहुतेक क्रीडास्पर्धा थंडावल्या. इटलीतील लोम्बार्दी प्रांताची प्रसिद्ध शर्यत मात्र चालू राहिली. नोव्हेंबर १९१७ मध्ये, कापोरेत्तोच्या दारुण पराभवाला जेमतेम दोन आठवडे होत असताना, ती शर्यत ठरली. तरुण मंडळी आघाडीवर होती. स्पर्धक मिळणे कठीण होते. आल्फोन्सिनाने रीतसर अर्ज केला. स्त्रीला मज्जाव करणारे एकही कलम आयोजकांना आपल्या नियमावलीत सापडले नाही, कारण ते लिहिण्याची गरजच कोणास वाटलेली नव्हती. सुमारे दोनशे किलोमीटरची ती शर्यत तिने शेवटच्या गटात, विजेत्या फिलिप तीसच्या बऱ्याच मागून, पण पूर्ण केली. पुढच्या वर्षी ती पुन्हा उतरली आणि शर्यत पूर्ण करणाऱ्या २२ जणांत एकविसावी आली. क्रमांक शेवटून दुसरा होता हे खरे. परंतु मध्येच शर्यत सोडून दिलेल्या सर्व पुरुषांच्या ती पुढे होती, हेही तितकेच खरे.

येथे व्यवसायाचा प्रश्न येतो. सायकल शर्यत हा त्या काळी इटलीतील गरीब मुलांना पोट भरण्याचा एक मार्ग होता. सायकल कारखानदार संघ बाळगीत, स्पर्धकांना वेतन देत आणि शर्यती भरवीत ती वृत्तपत्रे. कारण शर्यतीच्या वार्तांनी खप वाढे. जिरोची आयोजक गाझेता देल्लो स्पोर्त हे क्रीडादैनिकच होते. १९२४ मध्ये मोठ्या संघांचे आणि आयोजकांचे पैशांवरून फाटले आणि नामांकित स्पर्धक आलेच नाहीत. आयोजकांनी शर्यत वैयक्तिक स्पर्धकांना खुली केली व त्यांच्या जेवणाखाणाची, निवासाची सोय पत्करली. नामवंतांच्या गैरहजेरीत लोकांचे कुतूहल जागे ठेवणारे काहीतरी हवे होते. आल्फोन्सिनाचा अर्ज संपादक एमिलिओ कोलोम्बो यांनी स्वीकारला, तो केवळ उदारपणाने नव्हे, हे उघड आहे. स्पर्धकांच्या यादीत तिच्या नावाचे शेवटचे अक्षर गळले आणि ते आल्फोन्सिन असे छापले गेले. ते नाव स्त्रीचे की पुरुषाचे, हे वाचणाऱ्यास चटकन कळू नये, अशी ती तजवीज होती असे मानले जाते. तिचा क्रमांक होता ७२.

वृत्तपत्राला खप हवा होता. तिला पैसा हवा होता. एव्हाना लुइजीच्या मनाचा तोल ढळला होता आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले होते. उपचाराचा खर्च तिच्यावर होता. पुरुष सायकलपटू घर चालविण्यासाठी शर्यतीत उतरला तर त्यास कर्तव्य म्हणतात. तेच स्त्रीने केले की तमाशा म्हणतात. आल्फोन्सिनाला या दोन्ही शब्दांशी कर्तव्य नव्हते. तिला शर्यत पूर्ण करावयाची होती.

३६१३ किलोमीटर

त्या शर्यतीचे स्वरूप आज समजणे कठीण आहे. एकूण अंतर ३६१३ किलोमीटर, तेही बाराच टप्प्यांत. मिलानहून जेनोवापर्यंतचा पहिलाच टप्पा ३०० किलोमीटरचा होता. चंद्रपूरहून निघून भद्रावती, वरोरा मार्गे नागपूर गाठावे आणि त्याच दिवशी सायकलनेच परत यावे, एवढे ते अंतर होते. एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा तेवढाच टप्पा, आणि मधे आपेनाइन पर्वताचे चढ. रस्ते बहुतांशी कच्चे. कोरड्या दिवसात धूळ, पावसात चिखल. गिअर बदलावयाचा तर उतरून मागचे चाक काढून उलटे बसवावे लागे. जादा टायर खांद्याभोवती गुंडाळलेले असत आणि पंक्चर ज्याचे त्याने काढावे, असा दंडक होता. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्या स्पर्धकांची दमछाक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या कष्टाची थोडी कल्पना येईल.

सुरुवातीस टवाळी झाली. पण टप्प्यामागून टप्पा ती मुदतीत पूर्ण करू लागली आणि तिच्या मागे राहिलेल्या पुरुषांची संख्या मोजता येऊ लागली, तसा सूर बदलला. रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले लोक पुढचे स्पर्धक निघून गेल्यावरही घरी जाईनात. ते तिची वाट पाहत थांबत.

आठवा टप्पा लाक्विला ते पेरूज्या असा २९६ किलोमीटरचा होता. त्या दिवशी वादळी पाऊस झाला. चिखलात ती वारंवार पडली आणि एका पडण्यात सायकलचे हँडल मोडले. नवे हँडल मिळणे शक्य नव्हते. केरसुणीच्या दांड्याचा तुकडा त्या जागी बसवून तिने उरलेला रस्ता कापला. पेरूज्याला ती पोहोचली तेव्हा ठरलेली मुदत उलटून गेली होती. पंचांमध्ये मतभेद झाले. अपघाताची आणि हवामानाची सवलत द्यावी, असे काहींचे म्हणणे पडले. शेवटी नियमावर बोट ठेवणाऱ्यांची सरशी झाली आणि तिचे नाव स्पर्धकांच्या यादीतून वगळण्यात आले.

या निर्णयास अन्याय म्हणणे सोपे आहे. पण वस्तुस्थिती तशी सरळ नाही. मुदतीचा नियम सर्वांना सारखा होता आणि मुदत चुकलेल्या पुरुषांनाही घरी जावे लागले होते. तिने स्वतःसाठी वेगळा न्याय मिळवूनच शर्यतीत प्रवेश केला असता, तर या ठिकाणी तिची बाजू लंगडी पडली असती. तिने तसा तो कधी मागितला नव्हता. नियम जेथे मौन होता तेथे तिने त्या मौनाचा लाभ घेतला. जेथे तो बोलला तेथे तिने तो मानला. फक्त घरी जाणे तिने मानले नाही. कोलोम्बो यांनी तिला यादीबाहेर राहून शर्यतीबरोबर पुढे जाण्याची परवानगी दिली व तिच्या निवासाचा खर्चही उचलला, कारण वाचकांना आता तिचीच वार्ता हवी होती. बोलोन्याहून फ्यूमे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका, हा ४१५ किलोमीटरचा सर्वांत लांब टप्पा होता. तेथे ती रडत पोहोचली आणि लोकांनी तिला सायकलसह उचलून घेतले. मिलानहून निघालेल्या ९० स्पर्धकांपैकी मिलानला परतलेल्यांची अधिकृत संख्या ३० आहे. विजेता ज्युसेप्पे एन्रीची. आल्फोन्सिनानेही मिलान गाठले. पण तिचा क्रमांक कोठेच नाही. लोकांनी तिच्यासाठी वर्गणी जमविली आणि सुमारे ५० हजार लिरांची रक्कम तिच्या हाती आली. तिची निकड त्यातून भागली.

दार पुन्हा बंद

पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, तिचा अर्ज नाकारला गेला. नामांकित पुरुष परतले होते आणि कुतूहलाची गरज संपली होती. शिवाय मुसोलिनीच्या राजवटीत स्त्रीचे स्थान घर आणि पाळणा यांच्यापलीकडे नाही, ही शिकवण जोर धरू लागली होती. एकदा उघडलेले दार सोयीने उघडले होते, हे सोय सरताच स्पष्ट झाले. आल्फोन्सिना इतर शर्यतींत उतरत राहिली. नाट्यगृहांत व सर्कशीत सायकलचे प्रयोग करून तिने उदरनिर्वाह केला. लुइजीच्या निधनानंतर १९५० मध्ये तिने कार्लो मेस्सोरी या जुन्या सायकलपटूशी विवाह केला. मिलानमध्ये दोघांनी सायकलचे दुकान चालविले. १९५७ मध्ये तोही गेला. दुकानात ये-जा करण्यासाठी उतारवयात तिने मोटारसायकल घेतली. १३ सप्टेंबर १९५९ रोजी एक शर्यत पाहून परतल्यावर ती जड मोटारसायकल सांभाळताना ती कोसळली व हृदयक्रिया बंद पडून तिचा अंत झाला. वय ६८.

तिच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, स्त्रियांची पहिली जागतिक रस्ता-अजिंक्यपद शर्यत फ्रान्समध्ये रांस येथे झाली आणि लक्झेंबर्गची एल्सी जेकब्स ती जिंकली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची रस्ता-शर्यत यावयास १९८४ साल उजाडले, पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, ती हीच लॉस एंजेलिसची स्पर्धा. स्त्रियांचा स्वतंत्र जिरो १९८८ मध्ये सुरू झाला. आंतरराष्ट्रीय संघटनेने स्त्रियांच्या अव्वल संघांतील खेळाडूंना किमान वेतन बंधनकारक केले ते २०२० मध्ये, म्हणजे आल्फोन्सिनाच्या जिरोनंतर ९६ वर्षांनी. लोम्बार्दीच्या घाटमाथ्यावर गिसाल्लो येथे सायकलपटूंचे देवालय मानले जाणारे छोटे चर्च आहे. तेथे थोर विजेत्यांच्या सायकलींच्या पंक्तीत आल्फोन्सिनाची सायकलही ठेवलेली आहे. जिचे नाव यादीत राहिले नाही, तिची सायकल भिंतीवर राहिली.

हे सारे इटलीत घडले. पण त्याचा अर्थ भद्रावतीच्या रस्त्यावरही लागतो. घोडपेठ, माजरी, नंदोरी अशा गावांकडील रस्त्यांवरून, कोळशाच्या ट्रकांना वाट देत, शाळेत जाणाऱ्या मुली हे आता नित्याचे दृश्य आहे. राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकलींसाठी साहाय्य मिळत आले. त्या सायकलींनी अनेकींची शाळा टिकविली, हे उपकार लहान नाहीत. परंतु शाळेची सायकल म्हणजे एका ठरावीक कामासाठी दिलेली मुभा आहे. बारावी संपली की ती सायकल कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न घरोघरी विचारण्याजोगा आहे. शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत मुलींसाठी संथ सायकलची शर्यत ठेवली जाते. वेगाच्या शर्यतीचा विचार किती शिक्षकांच्या मनात येतो?

मुलींनी वेगाची शर्यत करू नये असे शाळेच्या कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. आल्फोन्सिनाच्या वेळीही लिहिलेले नव्हते. तिला ते मौन एकटीने ओलांडावे लागले आणि त्यासाठी एका वृत्तपत्राच्या अडचणीची वाट पाहावी लागली. भद्रावतीच्या मुलीला कोणाच्या अडचणीची वाट पाहावी लागू नये. तिच्या शाळेने यादी करताना तिचे नाव सगळ्या अक्षरांनिशी लिहावे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.