पँथरचे पोर आणि दोन किनाऱ्यांचे भांडण

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून हे नाव घेतले गेले, हे आपल्या चळवळीतील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्या मूळच्या पँथरांचे पुढे काय झाले, त्यांच्या लेकराबाळांनी कोणती वाट धरली, याची विचारपूस आपण फारशी केली नाही. आज आम्ही अशाच एका पँथरच्या पोराची कहाणी सांगणार आहोत. टुपाक अमारू शकूर हे त्याचे नाव. 13 सप्टेंबर 1996 रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, गोळ्यांनी जखमी होऊन तो गेला. जगभरचे तरुण त्याला रॅप गाणारा म्हणून ओळखतात. आम्हाला मात्र त्याच्या आयुष्यात चळवळीने घ्यावा असा एक धडा दिसतो, आणि तो धडा कडू आहे.

सुरुवात आईपासून केली पाहिजे. आफेनी शकूर ही न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. एप्रिल 1969 मध्ये पोलिसांनी तिथल्या एकवीस पँथरांवर बॉम्बस्फोटांच्या कटाचा खटला भरला. त्यात आफेनीही होती. तिने वकील घेतला नाही. स्वतःची बाजू स्वतःच मांडली, साक्षीदारांची उलटतपासणी स्वतः केली. खटला चालू असताना ती गरोदर होती आणि त्यातले काही महिने तिने तुरुंगात काढले. मे 1971 मध्ये ज्युरीने सर्वांना सर्व आरोपांतून मुक्त केले. त्यानंतर सुमारे महिनाभराने, 16 जून 1971 रोजी, टुपाकचा जन्म झाला. स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठाव करून 1781 साली फासावर नव्हे तर भर चौकात हालहाल होऊन मेलेल्या पेरू देशातील आदिवासी नेत्याचे, टुपाक अमारूचे नाव आईने त्याला दिले. आपल्याकडे मुलाचे नाव भीमराव किंवा सिद्धार्थ ठेवताना आईच्या मनात जे असते, तेच तिच्याही मनात असणार.

पण नाव देऊन घर चालत नाही. त्या घराचे सगळे आप्त एकतर तुरुंगात होते, नाहीतर भूमिगत. सावत्र बाप मुतुलू शकूर 1986 साली पकडला गेला आणि पुढे त्याला दीर्घ शिक्षा झाली. तो सुटला तेव्हा 2022 साल उजाडले होते. धर्मपिता जेरोनिमो प्रॅट हा पँथर सत्तावीस वर्षे तुरुंगात होता. त्याची शिक्षा 1997 मध्ये न्यायालयाने रद्द केली, तेव्हा टुपाकला जाऊन वर्ष होत आले होते. पक्ष संपला, सोबती पांगले आणि आफेनी दोन लेकरे घेऊन भाड्याच्या खोल्या बदलत राहिली. पुढे ती क्रॅक या नशेच्या आहारी गेली. ज्या बाईने न्यायालयात सरकारी वकिलांना घाम फोडला, तिला विचारायला कोणी कार्यकर्ता आला नाही. चळवळ आपल्या माणसांचे म्हातारपण आणि त्यांच्या पोरांचे बालपण सांभाळत नाही, ही तक्रार आपल्याही वस्त्यांत ऐकू येते.

तरीही हे पोर शिकले. बाल्टिमोरच्या कलाशाळेत त्याने अभिनय, कविता, बॅले नृत्य यांचे धडे घेतले. 1988 साली कुटुंब कॅलिफोर्नियातील मरीन सिटीत गेले. तरुणांच्या एका नव्या पँथर संघटनेचे अध्यक्षपदही त्याने काही काळ सांभाळले. डिजिटल अंडरग्राउंड या गायक मंडळींत तो प्रथम सामान उचलणारा आणि मागे नाचणारा पोरगा म्हणून शिरला. 1991 च्या नोव्हेंबरमध्ये त्याची स्वतःची पहिली ध्वनिफीत आली. त्यातील एक गाणे बारा वर्षांच्या एका गरीब मुलीचे होते. बाळंत झालेल्या त्या मुलीचे कोणीच नव्हते. पोलिसांचा जुलूम, तुरुंग, भूक, बेवारस मुले हेच त्याचे विषय. पुढच्या वर्षी अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी या ध्वनिफितीला समाजात जागा नाही, असे जाहीर करून टाकले. 1993 मध्ये त्याने काळ्या स्त्रियांना धीर देणारे एक गाणे केले. लॉस एंजेलिसमध्ये दुकानदाराच्या गोळीने मेलेल्या लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीची आठवण त्यात होती. त्याच काळात, तुरुंगातील मुतुलूच्या सल्ल्याने, त्याने गुंडांच्या टोळ्यांसाठी एक आचारसंहिताही तयार केली. लहान मुलांना, शाळांना, निरपराध माणसांना हात लावायचा नाही, असे त्यात होते. आईचा वारसा त्याच्या अंगात जिवंत होता, याचा हा पुरावा आहे.

आम्ही येथे त्याची आरती ओवाळायला बसलेलो नाही. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी 1949 साली घटना समितीत बजावून सांगितला आहे, तो गायकांनाही लागू आहे. 1992 मध्ये मरीन सिटीतील एका कार्यक्रमात मारामारी झाली आणि सहा वर्षांचे एक मूल गोळी लागून मेले. ते पिस्तूल टुपाकच्या नावावर नोंदलेले होते. 1993 मध्ये एका तरुणीने त्याच्यावर आणि त्याच्या साथीदारांवर लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. त्याने आरोप नाकारला, पण डिसेंबर 1994 मध्ये ज्युरीने त्याला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. स्त्रीची व्यथा गाणारा माणूस स्त्रीच्या बाबतीतच गुन्हेगार ठरला. याकडे डोळेझाक करणारा आंबेडकरवादी असू शकत नाही.

आता भांडणाकडे वळू. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ख्रिस्टोफर वॉलेस नावाचा तरुण होता. बिगी या नावाने तो गाई. टुपाकपेक्षा वर्षभराने लहान. त्यालाही एकट्या आईने वाढवले, तोही गरिबीतून वर आला. 1993 मध्ये दोघांची मैत्री झाली. टुपाक तेव्हा नावारूपाला आला होता, बिगी नवखा होता आणि थोरल्या भावाने धाकट्याला हात द्यावा तसे टुपाकने त्याला व्यासपीठावर जागा दिली. 30 नोव्हेंबर 1994 च्या रात्री टुपाक मॅनहटनमधील एका ध्वनिमुद्रण केंद्रात गेला. तळमजल्यावर लुटारूंनी त्याला पाच गोळ्या घातल्या. वरच्या मजल्यावर बिगी आणि त्याच्या कंपनीचा मालक शॉन कोम्ब्स होते. टुपाक वाचला, पण यांना हल्ल्याची आधीच कल्पना होती, असा संशय त्याच्या मनात कायमचा बसला. दोघांनीही तो नाकारला. संशयाला पुरावा लागत नाही, आणि समोरासमोर बसवून बोलणी करून देईल असा वडीलधारा माणूस त्या दोघांच्या आसपास उरला नव्हता.

फेब्रुवारी 1995 मध्ये टुपाकला दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. तो कोठडीत असतानाच त्याची नवी ध्वनिफीत अमेरिकेत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. आईच्या नशेसह तिचे सगळे ऋण मान्य करणारे त्याचे प्रसिद्ध गाणे त्यातच आहे. पण अपील चालू असताना जामिनासाठी लागणारे चौदा लाख डॉलर त्याच्याकडे नव्हते. ऑक्टोबर 1995 मध्ये डेथ रो या लॉस एंजेलिसच्या कंपनीचा मालक शुज नाइट पुढे आला. त्याने जामिनाची तजवीज केली आणि बदल्यात तीन ध्वनिफितींचा करार लिहून घेतला. सावकार अडलेल्या कुळाला गाठतो, तसाच हा व्यवहार. आणि या शुज नाइटचे बिगीच्या कंपनीशी आधीपासूनच वैर होते. त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात त्याने कोम्ब्सचा भर व्यासपीठावर पाणउतारा केला होता. टुपाकच्या रूपाने त्याला सर्वांत धारदार हत्यार मिळाले.

मग सुरू झाली ती पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा अशी लढाई. आपल्याकडे कलगी आणि तुऱ्याचे शाहीर रात्ररात्र सवाल-जवाब करीत, एकमेकांना कोड्यात पाडीत आणि सकाळी आपापल्या घरी जात. रॅपमध्येही अशी चढाओढ जुनीच आहे. पण 1996 च्या जूनमध्ये टुपाकने जे गाणे बाजारात आणले, त्यात बिगीच्या बायकोची अब्रू चव्हाट्यावर मांडली आणि मरणाच्या उघड धमक्या दिल्या. सामना तिथे संपला, सूड सुरू झाला. मासिकांनी मुखपृष्ठावर दोन किनाऱ्यांचे युद्ध छापले आणि प्रती खपवल्या. दोन्ही बाजूंच्या ध्वनिफिती विकणाऱ्या बड्या कंपन्या होत्याच. गाण्यातील शिवीगाळीविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या डेलोरेस टकर या नागरी हक्क चळवळीतील ज्येष्ठ कार्यकर्त्या. त्यांच्याशी चर्चा करण्याऐवजी टुपाकने गाण्यात त्यांचीही टिंगल केली. पोलिसांविरुद्ध, भुकेविरुद्ध पेटलेला तो निखारा आता आपल्याच घराच्या छपरावर पडत होता.

7 सप्टेंबर 1996 रोजी लास वेगासमध्ये माइक टायसनची मुष्टियुद्धाची लढत बघून टुपाक बाहेर पडला. तिथेच शत्रू टोळीतील एका तरुणाला त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बडवले. काही तासांनी, सिग्नलवर थांबलेल्या मोटारीत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सहा दिवसांनी तो गेला. 9 मार्च 1997 रोजी लॉस एंजेलिसमध्ये बिगीलाही तसाच मारला. तो चोवीस वर्षांचा होता. टुपाकच्या खून प्रकरणात पहिली अटक व्हायला 2023 साल उजाडावे लागले, आणि त्या आरोपीनेही गुन्हा नाकारला. आफेनी नशेतून बाहेर आली होती. लेकाच्या कमाईचा हिशेब मागायला तिला कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. 2016 साली तीही गेली.

आता वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे पूर्व-पश्चिम भांडण रॅपवाल्यांनी प्रथम केले नव्हते. टुपाक आईच्या पोटात होता, त्याच 1971 च्या सुरुवातीला ब्लॅक पँथर पक्षही असाच दुभंगला होता. एकीकडे कॅलिफोर्नियातील ओकलंडचे मुख्यालय आणि ह्यूई न्यूटन, दुसरीकडे न्यूयॉर्कचे पँथर आणि अल्जीरियात आश्रय घेतलेला एल्ड्रिज क्लीव्हर. आफेनीसह खटल्यात असलेल्या न्यूयॉर्कच्या पँथरांना न्यूटनने पक्षातून काढून टाकले. त्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये दोन्ही बाजूंचा एकेक कार्यकर्ता मारला गेला. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने खोटी पत्रे लिहून ही भांडणे पेटवली होती, हे पुढे तिथल्याच सिनेटच्या चौकशीत सिद्ध झाले. पंचवीस वर्षांनी त्याच दोन किनाऱ्यांच्या भांडणात पुन्हा दोन तरुण पडले. पहिल्या वेळी सरकारने खोटी पत्रे लिहिली. दुसऱ्या वेळी तेवढेही कष्ट कोणाला पडले नाहीत. बाजाराने भांडणाला भाव दिला आणि आपल्या माणसांनी ते स्वखुशीने पुरवले.

आपण मोठ्या तोऱ्यात दुसऱ्यांना शिकवावे अशी आपली स्थिती नाही. दलित पँथर दोन वर्षांत फुटली आणि पाचव्या वर्षी बरखास्तीची घोषणा झाली. 1957 साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले मोजायला बोटे पुरत नाहीत. आपल्या भांडणातही विचारांचा मुद्दा कमी आणि मानापमान जास्त असतो. तिसराच कोणीतरी येतो, एकाचा जामीन भरतो, दुसऱ्याला व्यासपीठ देतो आणि दोघांकडूनही करार लिहून घेतो.

आज आपल्या वस्त्यांतील पोरे भीमजयंतीला रॅप म्हणतात. त्यात जातीचा जाब आहे, संविधानाचा अभिमान आहे. जलशांची परंपरा नव्या तालात उभी राहते आहे, याचा आम्हाला आनंद आहे. टुपाक या पोरांच्या टी-शर्टवर असतो. असू द्या. पण त्याचे चित्र छातीवर घेताना त्याच्या आईचीही कहाणी त्यांना सांगा. ती तुरुंगात गेली तेव्हा तिच्या पाठीशी संघटना होती. तिचा मुलगा तुरुंगात गेला तेव्हा त्याच्या पाठीशी फक्त कंपनी होती.

जी पोरे आज शब्दांनी लढत आहेत, त्यांचा जामीन उद्या कोण भरणार, हे चळवळीने आजच ठरवले पाहिजे.