नकलेतली चूक आणि ग्रेस हॉपर

औषधाची मात्रा एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना दशांशचिन्ह सुटले, तर 0.5 मिलिग्रॅमचे 5 मिलिग्रॅम होतात आणि रुग्णाच्या अंगात दहापट औषध जाते. उतरवणारी परिचारिका निष्काळजीच असते असे नाही. थकलेले डोळे आणि हाताने करायची नक्कल एकत्र आली की चूक होतेच. संगणकाच्या क्षेत्रात ही गोष्ट फार लवकर ओळखली ती ग्रेस हॉपर यांनी. माणसाला नुसते सावध राहायला सांगून भागत नाही, कामाचे साधनच बदलावे लागते, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

त्यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली सात घड्याळे एकामागोमाग खोलली. वडिलांच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या होत्या. त्यात त्यांचे दोन्ही पाय गेले. आपला भरवसा नाही, मुलींनी स्वतःच्या पायावर उभे राहावे, म्हणून त्यांनी मुलींनाही मुलाइतकेच शिकवले. ग्रेस यांनी 1934 मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. व्हॅसार कॉलेजात त्या त्याआधीपासूनच शिकवत होत्या.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचे ठरवले. वय जास्त होते आणि वजन जेमतेम 48 किलो, म्हणजे नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी. खास सवलत मिळवून 1943 च्या डिसेंबरात त्या दाखल झाल्या. पुढच्या वर्षी त्यांना हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘मार्क वन’ या यंत्रावर नेमले गेले. सुमारे पंधरा मीटर लांबीचे हे यंत्र सेकंदाला तीन बेरजा करी. त्याला द्यायच्या सूचना कागदी पट्टीवर छिद्रे पाडून द्याव्या लागत.

इथेच नकलेचा प्रश्न समोर आला. वर्गमूळ काढणे किंवा साइन-कोसाइन काढणे अशी कामे पुन्हा पुन्हा लागत. ती बरोबर चाललेली गणिते हॉपर आणि त्यांचे सहकारी वहीत लिहून ठेवत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना ‘बी’ हे अक्षर 13 सारखे दिसे, त्रिकोणी खूण 4 सारखी दिसे. शिवाय प्रत्येक सूचनेचा क्रमांक नव्या जागेप्रमाणे बेरीज करून बदलावा लागे. हुशार गणितज्ञही त्या साध्या बेरजेत चुकत. मूळ गणित बरोबर असूनही उत्तर चुके, आणि चूक शोधण्यात दिवस जात.

हॉपर यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती पतंगाची. 9 सप्टेंबर 1947 रोजी ‘मार्क टू’ यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवला गेला आणि ती वही आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पतंग हॉपर यांनी शोधला नव्हता. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धतही त्याआधीची. एडिसनच्या काळातही हा शब्द चालत होता. ही गोष्ट गाजली ती हॉपर यांनी ती रंगवून सांगितल्यामुळे.

युद्धानंतरचा काळ त्यांना कठीण गेला. लग्न मोडले, हार्वर्डची नोकरी संपली, कामाचा ताण वाढला आणि दारूचे व्यसन जडले. 1949 मध्ये नशेत असताना पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. एडमंड बर्कले या जवळच्या सहकाऱ्याने न लपवता, न हिणवता पत्र लिहून त्यांना समज दिली. त्यांची सर्वांत मोठी कामे त्यानंतरची आहेत. व्यसनी माणूस कामातून गेला असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियातल्या ‘युनिव्हॅक’ संगणक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या होत्या. तिथे 1952 पर्यंत त्यांनी पहिला कंपायलर तयार केला. तपासलेली गणिते चुंबकीय फितीवर साठवायची, माणसाने फक्त हवे ते गणित सांगायचे, उतरवणे आणि क्रमांक बदलणे संगणकाने करायचे, अशी त्याची रचना होती. संगणक फक्त आकडेमोड करतो, सूचना कुठे लिहितो, असे म्हणून अनेकांनी विश्वास ठेवला नाही.

पुढे त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत सूचना देण्याची सोय केली. संगणकाला शब्द म्हणजे केवळ खुणा, हे दाखवण्यासाठी तोच प्रोग्रॅम त्यांनी फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवला, तेव्हा कंपनीचे अधिकारी बिथरले. या कामाच्या पायावर 1959 मध्ये ‘कोबोल’ ही भाषा उभी राहू लागली. ती एका समितीने घडवली, हॉपर तिच्या सल्लागार होत्या. 1960 च्या डिसेंबरात एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालला. बँकांच्या हिशेबांत ही भाषा अनेक दशके टिकली.

नौदलाने 1966 मध्ये त्यांना निवृत्त केले आणि दुसऱ्याच वर्षी परत बोलावले. प्रत्येक कंपनी आपला कोबोल कंपायलर उत्तम असल्याचे सांगे, प्रत्यक्षात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हॉपर यांच्या गटाने चाचणी-प्रोग्रॅम तयार केले. त्यातून कोणाचा कंपायलर ठरलेल्या नियमांप्रमाणे चालतो हे तपासता येऊ लागले. कंपनीच्या शब्दाच्या जागी आता चाचणीचा निकाल आला. औषध विकण्याआधी त्याची चाचणी होते, तशीच ही.

अशी तपासणी न केल्यास काय होते, हे 1985 ते 1987 मध्ये दिसले. ‘थेरॅक-25’ या कर्करोगावरच्या किरणोपचार यंत्रातल्या दोषामुळे अमेरिका आणि कॅनडातल्या सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा बसली, काही दगावले. त्यात आधीच्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरचा भाग जसाच्या तसा घेतला होता. जुन्या यंत्रात चूक झाली तरी अडवणारी वेगळी सुरक्षा होती. नव्यात ती काढून टाकली गेली. जुने चालत होते, म्हणून नवेही चालेल असे धरले गेले.

हॉपर 1986 मध्ये रिअर ॲडमिरल म्हणून 79 व्या वर्षी निवृत्त झाल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

परभणीजवळच्या पिंगळीसारख्या गावात बाळाच्या लसीची नोंद आधी वहीत, मग मोबाइलवर, मग मासिक अहवालात चढत असेल, तर चुकीला तेवढ्या वाटा आहेत. कृषी सेवा केंद्राचा साठा, पतसंस्थेचे खाते, दवाखान्याचे केसपेपर, कशासाठीही सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. एकदा भरलेली माहिती पुन्हा हाताने उतरवावी लागते का? चुकीचा आकडा टाकला तर ते अडवते का? आणि उद्या ते बदलायचे झाले, तर आपली माहिती दुसरीकडे नेता येते का? विकत घेण्याआधी मुद्दाम चुकीची माहिती भरून पाहावी. जे साधन ती चूक पकडते, तेच कामाचे.