संशोधकाची घडण : कै. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

प्रतिवर्षी या स्मरणिकेत ज्ञातीतील नव्या पदवीधरांची नामावली प्रसिद्ध होते. अलीकडे तीत पीएच.डी.साठी नाव नोंदविलेल्या तरुण-तरुणींचीही भर पडू लागली आहे, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. मात्र त्यांच्यापैकी काहींशी बोलण्याचा प्रसंग आला असता आम्हांस असे दिसून आले, की पुष्कळ ग्रंथ जमविणे, त्यांतील उतारे टिपून घेणे व ते एकापुढे एक लावणे यालाच ते संशोधन समजतात. प्रबंध म्हणजे थोर लोकांच्या मतांचे संमेलन, अशी ही कल्पना आहे. ती कितपत खरी, याचा विचार व्हावा म्हणून यंदा आम्ही ज्ञानकोशकार केतकर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

केतकर आमच्या ज्ञातीचे नव्हेत. ज्ञातीच्या स्मरणिकेत परक्याचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की ज्या वयात आमची मुले परीक्षेच्या काळजीत असतात त्या वयात या गृहस्थाने जात ही वस्तूच अभ्यासाला घेतली. तेव्हा ज्ञातिसंस्थेच्या पानांवर त्यांचा हक्क इतर कोणाहीपेक्षा कमी नाही.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले व पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. १९०६ साली त्यांनी अमेरिकेचा रस्ता धरला. त्या काळी परदेशी जाणारा मराठी तरुण बहुधा विलायतेस जाई आणि बॅरिस्टर किंवा सनदी नोकर होऊन परत येई. केतकर न्यूयॉर्क राज्यातील इथाका या लहानशा गावी, कॉर्नेल विद्यापीठात, समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या अभ्यासासाठी गेले. या विद्येने पोट कसे भरावे, हे त्या वेळी कोणासही सांगता आले नसते. १९११ साली त्यांना तेथील डॉक्टरेट मिळाली.

तत्पूर्वीच, १९०९ साली, त्यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ इथाका येथे प्रसिद्ध झाला होता. लेखकाचे वय पंचवीस वर्षांचे. या ग्रंथाचे उपशीर्षक लांबलचक आहे. पण संशोधनास लागणाऱ्या तरुणाने ते अवश्य लक्षात घ्यावे. मनुस्मृतीतून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीविषयी जी साक्ष मिळते, तिचा अर्थ लावून ती तपासून पाहणे, असा त्याचा आशय आहे. सगळी पद्धती या एका वाक्यात आली आहे. विषय अवाढव्य होता. वेदांपासून पेशवाईपर्यंत मन मानेल तेथून वचने वेचून ग्रंथ फुगविता आला असता, व तसे करणारे पुष्कळ होते. केतकरांनी एक ग्रंथ घेतला, एक शतक घेतले आणि त्या कुंपणाच्या आत खोल खणले.

शतक ठरविणे हेही सोपे काम नव्हते. मनुस्मृतीचे विख्यात भाषांतरकार ब्यूलर यांनी तिचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक ते इसवी सनाचे दुसरे शतक असा चार शतकांच्या पैसात ठेवला होता. केतकरांनी तो अलीकडे ओढून तिसऱ्या शतकात आणला. ऑलिव्हेल यांनी २००५ साली मनुस्मृतीची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत दुसरे-तिसरे शतक असा निर्णय आहे. म्हणजे पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा अंदाज फारसा चुकला नव्हता. परंतु आमच्या मते अंदाज बरोबर आला यापेक्षा, काळ ठरविल्यावाचून पुराव्याला हात लावावयाचा नाही हा त्यांचा बाणा अधिक मोलाचा आहे.

त्यानंतरचा प्रश्न साक्षीच्या स्वरूपाचा. स्मृतिकार अमुक करावे, अमुक करू नये असे सांगतो, तेव्हा लोक तसे करीत होते असे समजावयाचे काय? ज्या गोष्टीचा निषेध वारंवार करावा लागतो ती समाजात चालू असली पाहिजे, हे कोणत्याही शाळामास्तरास ठाऊक असते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन, शक, चीन, द्रविड हे मूळचे क्षत्रिय असून संस्कारलोपामुळे पतित झाले, असे सांगितले आहे. हे वाचून कोणी चिनी लोकांस क्षत्रिय ठरवू लागेल तर तो हास्यास्पद होईल. पण वचन खोटे म्हणून टाकून देणाऱ्यासही त्याचा उपयोग कळला नाही, असेच म्हणावे लागेल. चार वर्णांच्या चौकटीत न बसणारे लोक डोळ्यांपुढे असता चौकट सोडावयाची नाही, म्हणून स्मृतिकाराने त्यांची उपपत्ती कशी लाविली, हे त्यावरून कळते. वचन यवनांविषयी काही सांगत नसले तरी स्मृतिकाराविषयी पुष्कळ सांगते.

ग्रंथास जोडलेल्या परिशिष्टात केतकरांनी त्या काळच्या मानववंशशास्त्रातील मूलगामी दोषांची चर्चा केली आहे. त्या दिवसांत रिस्ले या अधिकाऱ्याचा मोठा दरारा होता. लोकांच्या नाकांची मापे घेऊन, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत त्याने मांडला होता. आकडे होते, तक्ते होते आणि पाठीशी सरकारी मुद्रा होती. आर्य व द्रविड ही वंशभेदाची रेघ परकीय पंडितांनी ओढली, तोपर्यंत आपले घराणे कोणत्या वंशाचे हा प्रश्न येथील लोकांस कधी पडलाच नव्हता, असे केतकरांनी दाखवून दिले. परदेशी विद्यापीठात बसून तेथील मान्य शास्त्राच्या पायाविषयीच शंका घेण्यास धैर्य लागते. पूर्वजांच्या ग्रंथाला जी कसोटी, तीच त्यांनी साहेबाच्या ग्रंथाला लाविली. स्वदेशाभिमानाच्या भरात पहिली कसोटी सैल करणारे आणि विलायती नावाने दिपून दुसरी सैल करणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्वान आजही विपुल आहेत.

या ग्रंथाची सर्वांत चांगली परीक्षा मात्र दुसऱ्या एका विद्यार्थ्याने केली. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला. त्यांचेही वय तेव्हा पंचवीसच होते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या व त्यांत केतकरांच्या मोकळ्या, चिकित्सक बुद्धीचा गौरव केला. पण गौरव करून ते थांबले नाहीत. जातीचे सभासदत्व त्याच जातीत जन्मलेल्यांपुरते मर्यादित असते आणि जातीबाहेर विवाह करण्यास बंदी असते, अशी दोन लक्षणे केतकरांनी दिली होती. आंबेडकरांनी विचारले, ही दोन कशी? बाहेर विवाह बंद केला की सभासदत्व जन्मावर आपोआपच येते. लक्षण एकच, केतकरांनी ते दोनदा मोजले. एवढ्या एका धाग्यावरून पुढे जाऊन, जातीचे मर्म विवाहबंदीत आहे हा आपला सिद्धांत त्यांनी उभा केला. हा निबंध १९१७ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यातील ही चारपाच पाने पुनःपुन्हा वाचावीत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आदर राखून मतभेद कसा करावा आणि मतभेदातून स्वतःचे विधान कसे काढावे, हे त्यांत प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

येथे थोडे घरचे बोलणे प्राप्त आहे. आपल्या स्मरणिकेत बहुतेक दरवर्षी ज्ञातीची उत्पत्तिकथा येते. आपले मूळपुरुष कोण, ते कोणत्या ऋषीचे वा राजकुळाचे, कोणत्या शापाने वा संकटाने त्यांनी शस्त्र अथवा शास्त्र टाकले, हे त्यात मोठ्या भक्तीने सांगितलेले असते. कथा गोड आहे. लहानपणी ती आम्हीही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली. परंतु ती कोणत्या पोथीत आहे, ती पोथी कोणत्या काळातील, कोणी कोणासाठी लिहविली, याचा उल्लेख आमच्या पाहण्यात कधी आला नाही. जवळजवळ प्रत्येक ज्ञातीजवळ अशी एक कथा असते, आणि तीतील मूळपुरुष कधीही सामान्य नसतो, ही गोष्टच विचार करण्याजोगी आहे. केतकरांच्या पद्धतीने पाहिले तर या कथेवरून आपल्या पूर्वजांचा पत्ता लागणार नाही. पण ती ज्यांनी रचली त्यांना समाजात कोणते स्थान हवे होते, याचा पत्ता निश्चित लागेल. ज्ञातीतील एखाद्या मुलीने वा मुलाने हाच विषय प्रबंधास घेतला तर काही ज्येष्ठांस ते रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही तसे व्हावे, व संस्थेच्या शिष्यवृत्तीतून त्यास साहाय्य मिळावे, असे आम्हांस वाटते.

केतकर १९१२ साली स्वदेशी परतले व काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. पण त्यांचे चित्त मराठीतून ज्ञान उभे करण्याकडे होते. १९१६ साली नागपूर येथे त्यांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली आणि ते गावोगाव भाग व वर्गणीदार मिळवीत हिंडले. पुढे कार्यालय पुण्यास आले. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड निघाले. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनेचेच होते. यावरून कोणी थट्टा केली तर ती अगदीच अस्थानी म्हणता यावयाची नाही. केतकरांची बुद्धी पुराव्यापुढे धावे, एका विषयातून दहा विषय काढी. त्यांच्या कादंबऱ्यांतही पात्रे मध्येच समाजशास्त्राची चर्चा करू लागतात. कॉर्नेलला त्यांनी स्वतःभोवती घातलेले कुंपण पुढे त्यांनीच मोडले, असे आमचे मत आहे. परंतु तसे न करता तेवीस खंड झाले असते काय, हेही सांगणे कठीण.

लंडनमध्ये परिचय झालेल्या ईडिथ कोहन या ज्यू विदुषी १९२० साली हिंदुस्थानात आल्या. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदुधर्मात घेऊन केतकरांनी त्यांच्याशी विवाह केला व त्या शीलवतीबाई झाल्या. जातीबाहेर विवाहाची बंदी हे जातीचे लक्षण म्हणून ज्याने नोंदविले, त्यानेच ती बंदी मोडली. १९३१ साली हैदराबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३५ साली 'प्राचीन महाराष्ट्र' या ग्रंथाचा शातवाहनपर्वाचा भाग निघाला. अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली, आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

ज्ञानकोशाच्या कार्यालयात त्यांच्या हाताखाली तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ पासून 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड काढण्यास प्रारंभ केला होता. पुढे या जोडीनेच 'सुलभ विश्वकोश'ही सिद्ध केला.