नवशिक्यांचा कारुल्ली

गिटारवर सी मेजरची कॉर्ड धरली की दुसऱ्या तारेवरचे माझे बोट पहिलीला टेकते आणि ती मुकी होते. विचारणार कोणाला? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. गिटार तर दूरच! म्हणून फेर्दिनांदो कारुल्ली मला जवळचा वाटतो. १७७० साली नेपल्सला जन्मलेला हा मुलगा आधी चेलो शिकला, मग गिटारकडे वळला. तेथे गिटारचे चांगले शिक्षक दुर्मिळ. तेव्हा स्वतःच धडपडून शिकला. पुढे पॅरिसला जाऊन नामांकित शिक्षक झाला. चारशेच्या वर रचना केल्या. पण मला मोठे वाटते ते १८१० च्या सुमारास नवशिक्यांसाठी लिहिलेले त्याचे पुस्तक. त्यातले धडे आजही गिरवले जातात. १८४१ साली तो पॅरिसलाच वारला. माझी पहिली तार अजून अधूनमधून मुकीच राहते.