रमाबाई, प्लेग आणि तीनशे मुली

कोरोनात तुमच्या शाळा बंद झाल्या तेव्हा सरकारने कुठला कायदा वापरला, माहितीये? 1897 चा साथरोग कायदा. तो आला प्लेगमुळे. आणि नेमक्या त्याच काळात पंडिता रमाबाई दुष्काळातून वाचवलेल्या मुली घेऊन पुण्यात पोचल्या होत्या.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळली नव्हती. कोवळ्या वयात, दुष्काळातल्या वणवणीत आई, वडील आणि बहीण गेली. मग भाऊ श्रीनिवाससोबत पायपीट. त्यामुळे मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळताच त्या तिकडे निघाल्या. सुमारे 300 मुली आणल्या. नुसती हाडं उरलेल्या, आजारी, अंगावर जखमा असलेल्या.

इकडे पुण्यात प्लेग. रँडच्या अमलाखाली गोरे सोल्जर घराघरात शिरून तपासणी करत होते, संशयितांना छावणीत नेत होते. शारदा सदनात आणखी मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. आता विचार करा, चूक कोणाची? दाटीच्या शहरात साथ असताना उपाशी, अशक्त माणसांची गर्दी वाढवणं धोक्याचंच. पण मुलींना परत कुठे पाठवणार? रमाबाईंची केडगावला शेतजमीन होती, पुण्यापासून साधारण 60 किलोमीटरवर. तिथे मोकळ्या माळावर त्यांनी मुलींचा मुक्काम हलवला. पुढे ‘मुक्ती’ उभी राहिली ती तिथेच.

मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. प्लेगच्या दवाखान्यात आणि छावणीत बायकांना कसं वागवतात, यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं. आपल्या संस्थेतली एक मुलगी तिकडे नेली आणि हातची गेली, असा त्यांचा आरोप होता. गव्हर्नर सँडहर्स्टने तो उडवून लावला. रमाबाई मागे हटल्या नाहीत. मला त्यांचं हे भांडण फार मोलाचं वाटतं, कारण त्यांचा राग औषधपाण्यावर नव्हता. उपचार हवेत, पण तिथे नेलेल्या बाईची जबाबदारी कोणाची, हा त्यांचा सवाल होता.

मग 1900. ‘छपन्नियाचा दुष्काळ’ गुजरातवर कोसळला. आपल्या झरीपासून गुजरातची हद्द किती लांब, तुम्हीच सांगा. तिथल्याही शेकडो मुली केडगावला आल्या. मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या घरात गेली, आणि पहिल्या दुष्काळातल्या मुली आता या नव्या मुलींना सांभाळू लागल्या होत्या.