बेकारांचा वाटाड्या : लॉर्ड विल्यम बेव्हरिज



घरातला मिळवता माणूस बेकार झाला म्हणजे त्या घरावर काय प्रसंग ओढवतो, हे तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण बेकार माणसाला काम मिळाले म्हणजे त्याच दिवशी त्याची विवंचना संपते काय? जरा विचार करून पाहा. काम लागले तरी पहिला पगार हातात पडायला महिना जावा लागतो. तोवर रेल्वेचा पास काढावा लागतो, अंगावर धड कपडे लागतात, कारागीर असेल तर हत्यारे लागतात. काम परगावी असेल तर तिथवरचे भाडे आणि राहण्याची सोय ही निराळीच. वाण्याची उधारी तर आधीच थकलेली असते. म्हणून नोकरीचा हुकूम खिशात असतानाही कित्येकांना सावकाराची पायरी चढावी लागते, आणि पहिला पगार येतो तो व्याजातच जातो.

बेकारी आणि पहिला पगार यांच्यामधली ही दरी माणसाने एकट्याने उडी मारून ओलांडायची, की समाजाने तिच्यावर पूल बांधायचा? बेकारीच्या प्रश्नाचा ज्यांनी उभा जन्म अभ्यास केला आणि या पुलाचे काही खांब ज्यांनी उभे केले, त्या विल्यम बेव्हरिज यांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत. हे चरित्र वाचण्याचे आपल्याला आणखीही एक कारण आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, तेव्हा त्या संस्थेचे संचालक हेच बेव्हरिज होते.

बेव्हरिज यांचा जन्म ५ मार्च १८७९ रोजी बंगालमधील रंगपूर येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हेन्री बेव्हरिज हे इंग्रज सरकारच्या नोकरीत जिल्हा न्यायाधीश होते. आई ॲनेट ही मूळची शिक्षिका. हिंदुस्थानातल्या मुलींना शिकवावे म्हणून ती १८७२ साली कलकत्त्याला आली आणि तिने तेथे मुलींची शाळा काढली. पुढे उतारवयात हीच बाई तुर्की भाषा शिकली आणि तिने बाबराच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर केले. अशा अभ्यासू घरात विल्यम वाढले. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात ते वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. वकिली करून त्यांना सुखाने पैसा मिळवता आला असता. पण १९०३ साली ते पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील टॉयन्बी हॉल या संस्थेत उपप्रमुख म्हणून राहायला गेले. शिकलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत राहावे आणि त्यांचे जिणे डोळ्यांनी पाहावे, यासाठीच ती संस्था होती.

तेथे त्यांनी काय पाहिले? लंडनच्या गोदीच्या फाटकावर रोज सकाळी माणसांची झुंबड उडे. मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम, बाकीचे हात हलवीत परत. मुंबईच्या गिरणीच्या दारात ज्यांच्या वडिलांनी बदली कामगार म्हणून दिवस काढले, त्यांना हे चित्र नवे नाही. त्या काळी प्रतिष्ठित मंडळी म्हणत, की बेकार माणूस हा आळशी तरी असतो नाहीतर व्यसनी तरी. बेव्हरिज यांनी आकडे गोळा केले आणि दाखवून दिले, की दोष बहुतांशी धंद्याच्या रचनेत आहे. प्रत्येक गोदी आपल्यापुरती जादा माणसे दारात उभी ठेवते. एका दारात माणसे उपाशी उभी असतात, त्याच वेळी दुसऱ्या दारात माणूस कमी पडतो, आणि या दाराची खबर त्या दाराला नसते. १९०९ साली त्यांनी बेकारीवर ग्रंथ लिहिला. बेकारी हा उद्योगधंद्याचा प्रश्न आहे, हे त्या ग्रंथाच्या नावातच त्यांनी सांगून टाकले.

मात्र एक गोष्ट लपवून ठेवता येणार नाही. ज्यांच्याकडून कामच होणार नाही असे त्यांना वाटे, त्यांच्याविषयी तरुणपणी त्यांची मते फार कठोर होती. अशांना नागरिकत्वाचे हक्कही नसावेत, इथवर ते गेले होते. जन्मावरून आणि अवस्थेवरून माणसाचे हक्क ठरविण्याची जी रीत आपण सोडून आलो, तिच्याच जातकुळीची ही चूक होय. थोर माणसाचे चरित्र वाचताना डोळे मिटून वाचू नये, म्हणून हे सांगितले.

१९०७ साली ते जर्मनीला गेले व तेथील कामगार विमा आणि काम मिळवून देणाऱ्या कचेऱ्या त्यांनी पाहिल्या. दुसऱ्याच वर्षी विन्स्टन चर्चिल यांच्या व्यापार खात्यात त्यांची नेमणूक झाली. १९०९ साली लेबर एक्स्चेंजचा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी इंग्लंडभर साठाहून अधिक कचेऱ्या उघडल्या. आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो त्याचे हे मूळ. या कायद्यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की कचेरीमार्फत परगावी काम मिळालेल्या माणसाला प्रवासखर्चासाठी रक्कम उसनी देण्याची त्यात तरतूद होती. काम आहे पण तेथवर जायला भाडे नाही, एवढ्यासाठी माणूस अडून राहू नये, हा तिचा हेतू. आपण वर ज्या पुलाविषयी बोललो, त्याचा हा पहिला खांब. दुसरी गोष्ट अशी, की संप चालू असलेल्या ठिकाणचे किंवा त्या भागातल्या चालू दरापेक्षा कमी मजुरीचे काम नाकारले, तर त्याबद्दल कामगाराला कचेरीत दोषी धरता येत नसे. म्हणजे मदत घेणारा माणूस लाचार होऊ नये, एवढी काळजी कायद्याने घेतली होती.

पुढे १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा आला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा काही धंद्यांतले सुमारे साडेबावीस लाख कामगार त्याखाली आले. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स भरायचे, मालकाने तेवढेच, आणि सरकारने आपली भर घालायची. काम गेले की पहिला आठवडा सोडून आठवड्याला ७ शिलिंग भत्ता, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. रक्कम थोडी होती, पण ती भीक नव्हती. कामगार स्वतःच्या वर्गणीवर हक्काने ती मागत होता. भत्ता मिळण्याची आणि कामाची खबर मिळण्याची जागाही एकच होती.

पहिल्या महायुद्धात त्यांनी दारूगोळा व अन्न खात्यांत काम केले. १९१९ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झाले आणि १९३७ पर्यंत त्या पदावर राहिले. स्वभाव हेकट, सहकाऱ्यांशी खटके उडत, पण संस्था त्यांनी मोठी केली. याच काळात बाबासाहेबांनी तेथून १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळविली.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या एका फटक्यात गेल्या. बेव्हरिज तेव्हा व्हिएन्नात होते. बातमी कळताच ते स्वस्थ बसले नाहीत. परत येऊन त्यांनी मोठमोठ्या विद्वानांना एकत्र केले आणि या प्राध्यापकांसाठी एक मदत मंडळ उभे केले. त्यांच्या संस्थेतील शिक्षकांनी आपल्या पगारातला काही भाग या कामाला दिला. नवी जागा मिळेपर्यंत त्या परागंदा विद्वानांच्या पोटापाण्याची सोय मंडळाने करावी आणि नवी जागा शोधायलाही हात द्यावा, अशी ही योजना होती. जन्मामुळे ज्यांना हाकलून दिले, त्यांना कामाच्या जोरावर पुन्हा उभे करण्याचे हे कार्य होते. त्याचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको.

इकडे इंग्लंडात बेकारी भयंकर वाढली होती. १९३१ साली सरकारने मिळकत तपासणी सुरू केली. विम्याचा भत्ता संपलेल्या बेकाराच्या घरी अधिकारी येऊन घरात कोण काय मिळवतो हे विचारीत, आणि पोराला चार शिलिंग मिळू लागले की बापाचा भत्ता कापीत. त्यापायी कित्येक मुले घर सोडून गेली. म्हणजे घरातल्या एकाला काम मिळाले, तर ते घराला ओझे वाटावे, असा उलटा न्याय झाला. तेथल्या कामगारांनी हा अपमान पुढे कित्येक वर्षे विसरला नाही.

दुसऱ्या महायुद्धात मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचे आणि बेव्हरिज यांचे पटेना. जून १९४१ मध्ये त्यांना सामाजिक विम्याची पाहणी करणाऱ्या एका समितीवर नेमले गेले. ही अडगळीची जागा आहे असे वाटून ते दुःखी झाले. पण त्याच अडगळीतून डिसेंबर १९४२ मध्ये त्यांचा जगप्रसिद्ध अहवाल बाहेर पडला. सरकारी अहवाल विकत घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. मूळ अहवाल आणि त्याचा सारांश मिळून सहा लाखांवर प्रती खपल्या. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी हे समाजाच्या वाटेतले पाच राक्षस आहेत, आणि पाचांशीही लढल्यावाचून सुटका नाही, असे त्यांनी मांडले.

आता त्या अहवालात आपल्या विषयाचे काय होते ते पाहू. बेकारी भत्ता मिळकत न तपासता द्यावा, आणि बेकारी संपेपर्यंत द्यावा, ही मुख्य सूचना. एकट्या माणसाला आठवड्याला २४ शिलिंग, जोडप्याला ४० शिलिंग, असे दर त्यांनी धरले होते. मात्र काही काळानंतर बेकाराने कामाच्या किंवा शिक्षणाच्या केंद्रावर हजर राहिले पाहिजे, अशी अट घातली होती. हात रिकामे राहिले की हातातली कला जाते, हे ते जाणून होते. काम दुसऱ्या गावी असेल तर बिऱ्हाड हलविण्यासाठी आणि राहण्यासाठी अनुदान द्यावे, असे त्यांनी सुचविले. स्वतःचा छोटा धंदा बुडालेल्यांना नवा धंदा शिकेपर्यंत २६ आठवड्यांपर्यंत शिक्षणभत्ता मिळावा, अशीही तरतूद होती. १९०९ साली जे भाडे उसने होते, ते आता हक्काचे अनुदान व्हावे, एवढा हा पल्ला.

यापेक्षाही बारीक विचार त्यांनी मुलांच्या भत्त्याविषयी केला. चार मुलांचा बाप बेकार असताना त्याला मुलांसाठी भत्ता मिळतो आणि तो कामावर गेला की बंद होतो, असे झाले तर काय होईल? त्याचा पगार लहान असेल तर कामावर जाऊन तो घाट्यातच येईल. म्हणून बाप कामावर असो वा नसो, मुलांचा भत्ता चालूच राहिला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. काम धरल्याबद्दल माणसाला शिक्षा होऊ नये, हे त्यातले तत्त्व. १९४५ साली तसा कायदा झाला आणि १९४६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. हे पैसे आईच्या हाती पडत. त्यासाठी एलिनॉर रॅथबोन ही बाई कित्येक वर्षे झगडली होती. खुद्द बेव्हरिज यांच्या योजनेत संसार करणाऱ्या स्त्रीला नवऱ्याच्या आधारावरच सोडले होते, आणि ती उणीव त्या वेळच्या जागृत स्त्रियांनी बोलून दाखविली होती.

१९४४ साली बेव्हरिज लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटात गेले, १९४५ च्या निवडणुकीत पडले. त्यांच्या कल्पना अमलात आणल्या त्या मजूर पक्षाच्या ॲटली सरकारने. विम्याची नवी योजना आणि मोफत आरोग्यसेवा दोन्ही ५ जुलै १९४८ पासून सुरू झाल्या. पण बेकारी भत्त्याला सरकारने मुदत घातलीच, आणि त्यांची मूळ सूचना तेवढी लंगडी झाली. १९४६ साली ते लॉर्ड झाले. १६ मार्च १९६३ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

पहिल्या पगारापर्यंतचा पूल मात्र इंग्लंडात त्यांच्यामागेही बांधला जात राहिला. २००४ साली तेथे जॉब ग्रँट नावाची मदत सुरू झाली. सहा महिने भत्त्यावर असलेल्याला काम मिळाले की १०० पौंड, आणि मुलेबाळे असतील तर २५० पौंड एकरकमी मिळत. ही मदत २०१३ साली बंद करण्यात आली. म्हणजे बांधलेला पूलही जागरूक राहिले नाही तर मोडतो, हाही धडा आहेच.

आपल्या देशात काय झाले? जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकीर्दीत १९४३ साली प्रा. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याचा अभ्यास सोपविण्यात आला, आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. १९४५ साली देशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजही त्यांच्याच खात्याखाली सुरू झाली. या विम्याखालील कामगाराची नोकरी गेली तर काही काळ भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ साली आली. तुमच्या घरात कोणाच्या पगारातून हा विमा कापला जात असेल, तर त्याचा नंबर आणि कागद जपून ठेवा, आणि वेळ आली तर हक्क सांगायला संकोचू नका.

भगवान बुद्धांनी कूटदंत सुत्तात राजाला हाच मार्ग दाखविला आहे. चोऱ्या थांबवायच्या तर शिक्षा वाढवून भागणार नाही, शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला अन्न-वेतन द्या, असा त्या उपदेशाचा आशय आहे. कामाला लागणाऱ्या माणसाला कामाच्या आरंभीच हात द्यावा, ही गोष्ट आपल्या धम्माला परकी नाही.

तेव्हा सरकारकडे मागणे तर मागावेच, पण आपल्या हातातले कामही करावे. प्रत्येक विहारात दर घरामागे महिन्याला थोडे पैसे जमवून एक पेटी ठेवता येणार नाही काय? वस्तीतल्या मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली की पास, कपडे आणि महिन्याचा डबा यांसाठी त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी, आणि पहिल्या दोन-तीन पगारांतून ती परत घ्यावी. घेणाऱ्याने ती वेळेवर फेडावी, कारण तिच्यावर पुढच्याचा हक्क आहे. हिशेब फळ्यावर लिहावा, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही. पेटी लहान असेल, पण तुमच्या वस्तीतले एक पोर जरी त्यामुळे सावकाराच्या दारातून परत फिरले, तरी ती सार्थकी लागली असे समजावे.