औंधचे आरोग्यव्रती राजे
श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चरित्र

राजा हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे सिंहासन, हत्ती-घोडे आणि ढाल-तलवारी उभ्या राहतात. परंतु शाळेतील मुलांची छाती भरली आहे की नाही, त्यांच्या ताटात काय पडते, याची काळजी वाहणारा एक राजा आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे राज्य नकाशावर शोधावे लागेल इतके लहान होते. पण त्याने घालून दिलेला पाठ आज देशोदेशी गिरविला जातो. हे राजे म्हणजे औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी होत.

औंध हे गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. गावाजवळच्या डोंगरावर यमाई देवीचे पुरातन देऊळ आहे. ही देवी पंतप्रतिनिधींची कुलस्वामिनी. छत्रपती राजाराम महाराज आणि शाहू महाराज यांच्या काळात पराक्रम गाजविणारे परशुराम त्रिंबक प्रतिनिधी हे या घराण्याचे कर्तबगार पूर्वज. अशा घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण सातारा व पुणे येथे झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांना शिकार आणि मेजवान्या यांचेच वेड अधिक असे. भवानरावांना मात्र ग्रंथ, चित्रकला आणि व्यायाम यांची गोडी लागली.

त्या दिवसांत युरोपात सँडो नावाच्या मल्लाचा मोठा बोलबाला होता. त्याची पुस्तके व व्यायामाची साधने हिंदुस्थानातही येऊ लागली होती. भवानरावांनी ती मागविली आणि सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरज संस्थानचे अधिपती श्रीमंत पटवर्धन यांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार घालण्यास आरंभ केला. सूर्यनमस्कार ही काही नवी वस्तू नव्हती. आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. तालमीत आणि देवघरात त्यांना स्थान होते. तथापि परदेशी साधनांचा अनुभव घेतल्यावर त्यांची थोरवी भवानरावांना विशेषच जाणवली. ज्या व्यायामाला डंबेल्स नकोत, दोऱ्या नकोत, आखाडाही नको, ज्याला अंथरुणाएवढी जागा पुरते, तो व्यायाम गरिबाच्या झोपडीतही होऊ शकतो, हे त्यांनी ओळखले. तेव्हापासून शेकडो नमस्कार हा त्यांचा रोजचा नेम झाला आणि तो त्यांनी निष्ठेने पाळला.

४ नोव्हेंबर १९०९ रोजी ते औंधच्या गादीवर आले. संस्थान कसे होते म्हणाल, तर सलग असा मुलूखच नव्हता. सातारा जिल्ह्यात औंध, पलीकडे कुंडल, दुष्काळी भागात आटपाडी, आणि आजच्या कर्नाटक राज्यातील विजापूर जिल्ह्यात गुणदाळ, अशी त्याची तुकड्या-तुकड्यांनी मांडणी होती. एकंदर गावे सत्तरीच्या आसपास. पाऊस कमी, जमीन हलकी, खजिना बेताचा. अशा राज्याच्या धन्याने मनात आणले तरी प्रजेला सोन्या-चांदीने मढविता येणे शक्य नव्हते. मग प्रजेला द्यावे तरी काय? भवानरावांनी तिला निरोगी शरीर देण्याचा संकल्प केला, आणि त्याची सुरुवात शाळेपासून केली.

औंध संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले. आता सक्ती म्हटली की मुलांचे कपाळ आठ्यांनी भरते, हे कोणाही शिक्षकास ठाऊक आहे. पण या सक्तीमागे एक गोष्ट होती, ती फार मोलाची आहे. राजा हुकूम सोडून वाड्यात स्वस्थ बसला नाही. त्याच्या घरात राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत. स्वारी गावोगाव जाई तेव्हा राजे स्वतः लोकांसमोर नमस्कार घालून दाखवीत, आणि कोणता अवयव कोठे टेकावा, श्वास केव्हा घ्यावा व केव्हा सोडावा, हे समजावून देत. साठीच्या घरातील राजाची पाठ वाकते आणि आपली वाकत नाही, हे पाहून ज्याला लाज वाटणार नाही असा विद्यार्थी विरळाच. जे स्वतः आचरिले नाही ते मुलांकडून मागावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

त्यांच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा अवस्था होत्या. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे, मग गुडघे न वाकविता तळहात पावलांशेजारी टेकावयाचे, एक पाय मागे, नंतर दुसरा पाय मागे, मग साष्टांग, पुढे छाती उचलून मान वर, त्यानंतर कंबर उंच, पुन्हा एक पाय पुढे, दुसरा पाय पुढे, आणि शेवटी ताठ उभे. इतक्या थोड्या वेळात मान, खांदे, पाठीचा कणा, पोट, मांड्या आणि पोटऱ्या या सर्वांना ताण पडतो, आणि श्वासाची लय साधल्याने छातीही फुलते. कुस्तीला जोडीदार लागतो, चेंडूच्या खेळाला मैदान लागते. नमस्काराला लागतो तो केवळ निश्चय.

येथवरची हकीकत पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. परंतु भवानरावांच्या शिकवणुकीचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. केवळ व्यायामाने शरीर घडत नाही, त्यास योग्य आहाराची जोड हवी, असे त्यांचे सांगणे होते. सूर्यनमस्कारांवरील आपल्या लेखनात त्यांनी अन्नाचाही विचार केला आहे. गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या तांदळापेक्षा हातसडीचा तांदूळ बरा, पिठातला कोंडा चाळून टाकू नये, कडधान्ये मोड आणून खावीत, भाजीपाला शक्य तितका कच्चा खावा, दूध-ताक घ्यावे, आणि चहा, तंबाखू व मद्य यांपासून दूर राहावे, असा त्यांच्या उपदेशाचा रोख होता.

हा उपदेश म्हणजे एखाद्या राजाचा लहरी छंद नव्हता. त्या काळातील शास्त्रही त्याच वाटेने चालले होते. डच वैद्य आयकमन यांना जावा बेटात असे आढळले होते की, पांढऱ्या सडलेल्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा खाऊ घातला की त्या पुन्हा बऱ्या होतात. माणसांना होणाऱ्या बेरीबेरी रोगाचे मूळ त्यातून उलगडत गेले, आणि १९२९ साली आयकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इकडे निलगिरीतील कुन्नूर येथे मॅककॅरिसन या वैद्याने हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना देऊन पाहिला. अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि ताजी भाजी यांवर पोसलेले उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. कोंड्यात, पालेभाजीत आणि दुधात जे सत्त्व असते, तेच आपण टाकून देतो आणि मग औषधाच्या बाटल्या आणतो, ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध होत होती.

१९३६ साली राजेसाहेब राणीसाहेबांसह इंग्लंडला गेले. तेथे ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या लेखिका लुईस मॉर्गन यांनी त्यांची भेट घेतली. अनेक मुलांची आई असूनही राणीसाहेबांची प्रकृती किती तजेलदार आहे, हे पाहून त्यांना फार आश्चर्य वाटले आणि त्यांनी या व्यायामाविषयी लेख लिहिले. पुढे १९३८ साली राजेसाहेबांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी ज्या राजाने युरोपातून व्यायामाची साधने मागविली होती, त्याच्याकडून आता युरोप व्यायाम शिकू लागला. सूर्यनमस्कार आज जगभर घातले जातात, त्याच्या मुळाशी औंधच्या या खटपटीचा वाटा फार मोठा आहे.

भवानरावांचे इतर कार्य थोडक्यात सांगतो. ते उत्तम चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध आहे. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय आजही पाहावयास मिळते. ते कीर्तनही करीत. बेळगाव सोडून निघालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली कुंडलजवळ जागा दिली आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. महात्मा गांधींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी आपला राज्याधिकार प्रजेच्या हाती सोपविणारी घटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. मुलांच्या शरीरावर, कलावंताच्या हातावर, कारखानदाराच्या धडाडीवर आणि कैद्याच्या सचोटीवर ज्याने सारखाच विश्वास टाकला, त्याने शेवटी प्रजेवर विश्वास टाकून राज्यही तिच्या स्वाधीन केले. मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी राजेसाहेबांनी देह ठेवला.

आता एका शंकेचा विचार केला पाहिजे, नाहीतर हे चरित्र अपुरे राहील. नमस्कार फुकट आहेत, हे खरे. पण अन्न फुकट नाही. आटपाडीच्या माळावर दुष्काळात रोजगाराला जाणाऱ्या मजुराने आपल्या मुलास दूध कोठून द्यावे? उपाशी पोटी पन्नास नमस्कार घातले, तर मूल बळकट न होता भोवळ येऊन पडेल. ही शंका रास्त आहे. राजाच्या उपदेशातील जे भाग बिनखर्चाचे होते, म्हणजे कोंडा न टाकणे, कडधान्यास मोड आणणे, चहा-तंबाखूवरचा पैसा वाचविणे, ते गरिबालाही साधण्यासारखे होते. पण रिकामे ताट उपदेशाने भरत नाही. ते भरण्याची जबाबदारी सर्व समाजाने उचलावी लागते. स्वतंत्र भारतात ती हळूहळू उचलली गेली. १९९५ साली शाळेतील मुलांच्या आहाराची देशव्यापी योजना सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आणि आपल्या कर्नाटकात अक्षरदासोह योजनेचे दुपारचे जेवण आले, तर २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचे दूध मुलांना मिळू लागले. शाळेत एका पंक्तीस बसून गरीब आणि सधन मुले जेवतात, तेव्हा औंधच्या राजाचे अर्धे राहिलेले काम पुरे होत असते.

औंधचा उघडा माळ आणि आपले अणशी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तेथे पावसाची वाट पाहावी लागते. येथे घाटात पाऊस कोसळू लागला की चार महिने मैदानात पाऊल टाकता येत नाही. पण म्हणूनच राजांचा व्यायाम आपल्याला अधिक सोयीचा आहे. मैदान बुडाले तरी शाळेचा व्हरांडा कोरडा असतो, आणि नमस्काराला हवी ती जागा तेथे मिळते. जंगलवाटेने शाळेत चालत येणाऱ्या मुलांच्या पायांना व्यायाम होतो, हे खरे. पण खांदे, छाती आणि पाठ यांचे काय? पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीचा खेळ वा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातील थोडी मिनिटे व्हरांड्यात सहज भरून निघतील.

आहाराच्या बाबतीत तर आपण औंधकरांपेक्षा भाग्यवान आहोत. जोयड्याच्या डोंगरात सुरण, कोनफळ, कणगी यांसारखे कंद पिकतात; परसात फणस असतो; पावसाळ्यात रानभाज्या उगवतात; घरी नाचणी असते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. हाडे आणि दात ज्यापासून बनतात ते हे द्रव्य पांढऱ्या तांदळात नावापुरतेच सापडते. आजीच्या हातची नाचणीची आंबील सोडून दुकानातील रंगीत पुडीतले कुरकुरीत पदार्थ विकत घेणे म्हणजे सोने देऊन काच घेणे होय. पालकांनीही याचा विचार करावा. मुलाच्या हातावर खाऊसाठी दहा रुपये ठेवणे सोपे असते. त्याच्या डब्यात उकडलेला कंद अथवा मोडाची उसळ घालण्यास थोडे अधिक कष्ट पडतात. पण ते कष्ट म्हणजेच खरी माया.

आणि आम्हा शिक्षकांनी या चरित्रातून काय घ्यावयाचे? राजेसाहेबांच्या हाती हुकूम होता, तरी त्यांनी आधी स्वतःची पाठ वाकविली. तेव्हा मुलांच्या रांगेसमोर शिट्टी घेऊन उभे राहण्यापेक्षा शिक्षकाने रांगेत उतरून पहिला नमस्कार घालावा, मुलांच्या पंक्तीस बसून तेच अन्न जेवावे, हे बरे. राज्ये गेली, तोफा गंजल्या, गाद्या इतिहासजमा झाल्या. पण सकाळच्या उन्हात हात जोडून उभी राहिलेली मुलांची रांग अजून दिसते. ती दिसते तोवर औंधच्या त्या राजाचे नाव मावळावयाचे नाही.